दुसऱ्याचं नाव

मसुऱ्याचा लवू दुखंडे तुमच्यापैकी एकदोघांना तरी आठवत असेल. उंच, किंचित पोक काढून चालणारा, आणि बोलायला अगदी कमी. ही त्याची गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली. लवू खोटं बोलणारा माणूस नव्हता. खोटं बोलायला जेवढं बोलावं लागतं तेवढं तो बोलायचाच नाही. तेव्हा ऐकायचं तर नीट ऐका, मधे प्रश्न नकोत. मला माहीत आहे तेवढं सांगतो. त्यापुढचं लवूलाही माहीत नव्हतं.

साल एकोणीसशे त्रेसष्ट. माघातली अमावास्या, शनिवार. महाशिवरात्र नुकतीच झालेली, त्यामुळे अर्धी वाडी कुणकेश्वराच्या जत्रेला जाऊन तिथंच राहिली होती. लवूच्या घरी त्या आठवड्यात सत्यनारायण झाला होता. प्रसादासाठी मोठं तपेलं लागलं, ते त्याच्या मेव्हण्याकडून, दत्तारामकडून आणलेलं. दत्ताराम सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी माळाच्या, पलीकडच्या वाडीत राहायचा. ते तपेलं परत करायला लवू दुपार कलल्यावर निघाला. तांब्याचं भलंमोठं तपेलं डोक्यावर पालथं घातलेलं, हातात काठी. काम एवढंच.

दत्तारामनं त्याला जेवायला बसवून घेतलं. जेवताना साहजिकच हरीचा विषय निघाला.

हरी म्हणजे हरिश्चंद्र, लवूचा धाकटा भाऊ. बाप लवकर गेला तेव्हा लवूनं चौथीतून शाळा सोडली आणि हरीला शिकवलं. आधी मालवणात, मग मुंबईत. पोरगा प्राणिशास्त्र शिकला, हुशार निघाला, आणि आफ्रिकेतल्या एका विद्यापीठानं त्याला वर्षभरासाठी बोलावून घेतलं. तिथल्या गवताळ रानाचा अभ्यास करायला. गवत किती वाढतं, कुठलं जनावर ते किती खातं, जाळलेल्या माळावर आधी कोण चरायला येतं, असं सगळं. तंबू ठोकून रानातच राहायचं आणि शिकायचं. मोंबाशाला जाणारे खलाशी आपल्याकडे पुष्कळ झाले. पण गवत शिकायला बोटीत बसलेला हा पहिलाच.

"हरीचा काय पत्र-बित्र?" दत्तारामनं विचारलं.

"इला गेल्या म्हयन्यात."

"काय म्हणता?"

"गवत मोजता म्हणता. लाकडाची चौकट जमनीर टाकतत आणि चौकटीतला गवत कापून तोलतत."

दत्ताराम हसला. "ह्यां आमच्या सड्यार शिकवक नाय गावला असता?"

लवूही हसला. पत्रात हरीनं तेच लिहिलं होतं. 'दादा, इथं आपल्यासारखाच सडा आहे. फक्त तो संपत नाही.' रात्री तंबूपासून दूर जायला बंदी आहे, असंही लिहिलं होतं. ते वाक्य लवूला फारसं आवडलं नव्हतं. सत्यनारायण त्यानं आणि बायकोनं, सुगंधानं, त्यासाठीच घातलेला.

हात धुऊन लवू उठला तेव्हा नऊ वाजून गेले होते.

"रव आजची रात," दत्ताराम म्हणाला. "आवस आसा. सकाळी जा."

"गाय आज-उद्या वियातली. सुगंधा एकटीच आसा घरात."

मग दत्तारामनं दोन चुडी बांधून दिल्या. सुक्या झावळ्यांची चूड पेटवली की सडा पार होईपर्यंत पुरते. एक पेटवून, एक काखेत मारून लवू निघाला.

आता तुम्ही सडा रात्रीचा पाहिलेला नाही. पावसाळ्यात त्याच्यावर गुडघाभर गवत असतं. दिवाळीनंतर लोक ते कापून नेतात, उरलेलं गुरं संपवतात. माघात तिथं नुसता कातळ. भाजलेला, उघडा. झाड नाही, आडोसा नाही. पायवाट कातळावर घासून गुळगुळीत झालेली असते, ती पायालाच कळते. लवू लहानपणापासून त्या वाटेनं गेलेला. डोळे मिटून गेला असता.

निम्मा सडा झाला असेल.

पायाला काहीतरी लागलं.

मऊ. लवूनं चूड खाली केली. गवत होतं. घोट्याएवढं.

असेल, राहिलं असेल एखादं ठिगळ. तो पुढे गेला. गवत पोटऱ्यांना लागलं. मग गुडघ्याला. तो थांबला, मागे वळला. मागेही गवत. जिथून तो आला होता तिथंही. वाटेचा कातळ पायाखाली नव्हताच, पाऊल खाली रुतत होतं.

चकवा, लवूच्या मनात आलं. आपल्याकडे त्यात नवल नाही. वाट हरवते, माणूस रात्रभर तिथल्या तिथं फिरतो, पहाटे कोंबडा आरवला की घराच्या मागेच उभा असतो. अशा वेळी बसून राहायचं. लवू बसणार होता.

तेवढ्यात वास आला. कसल्यातरी मोठ्या जनावरांचा. गोठ्याच्या वासासारखा, पण आपल्या गुरांचा नव्हे. अंधारात कुठंतरी कुणीतरी फुरफुरलं. एक नाही... पुष्कळ. आणि गवत आता त्याच्या कमरेच्या वर आलं होतं.

चूड विझली.

दुसरी पेटवायला त्यानं काड्यापेटी काढली, आणि मग ती हातातच राहिली. कारण समोर माणसं चालत होती.

दोघं. पाठमोरे. एक उंच, पुढे. दुसरा त्याच्या मागे चारपाच हातांवर. त्या मागच्याचा डावा खांदा खाली पडलेला होता. लहानपणी आंब्यावरून पडल्यापासून तो तसाच राहिला होता. लवूनंच त्याला पाठुंगळीला मारून वैद्याकडे नेलेलं.

हरी.

आफ्रिकेत असलेला हरी, इथं, सड्यावर... किंवा सड्यावर असलेला लवू, तिथं. ते त्याला तेव्हा कळलं नाही. नंतरही नाही.

त्या दोघांच्या पुढे उजेड होता. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. कंदिलासारखा, पण कंदील हलतो. हा हलत नव्हता. सरकत होता. ते दोघं त्याच्या मागं चालले होते, तंबूकडे परत निघालेली दमलेली माणसं चालतात तसे. निश्चिंत.

उजेडाच्या खाली काय होतं... ते लवूनं मला सांगितलं नाही. मी विचारलं होतं.

सड्यावर रात्री कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही सांगतात. नाव घेतलं की तिथं जे कोण असेल त्याला ते कळतं. मग ते त्याच नावानं तुमच्या दारात येऊन हाक मारतं. लवूला ते माहीत होतं. तो किती वेळ उभा राहिला कोण जाणे. उजेड पुढे जात होता. हरी पुढे जात होता.

लवूनं हाक मारली.

"हरी... माघारी फिर."

मागचा थांबला.

आणि पुढचाही थांबला.

तो उंच माणूस. त्यानं मान अर्धी वळवली. चेहरा दिसला नाही. पण तो ऐकत होता. एक हाक झाली, आता दुसरी आपल्याला येईल, म्हणून थांबलेला माणूस कळतो. लवूनं तोंड उघडलं. नाव...

नाव त्याला माहीत नव्हतं.

"अरे..." तो म्हणाला. "अरे, तू..."

उंच माणूस थांबून राहिला. बराच वेळ. मग त्यानं मान पुन्हा पुढे केली, आणि चालायला लागला.

त्यानंतर लवूच्या पायाखाली कातळ होता. सगळीकडे उघडा सडा, वर चांदण्या. हातात काड्यापेटी.

घरी पोचला तेव्हा गाय व्यायली होती. सुगंधा गोठ्यातच होती. "इतको उशीर?" तिनं विचारलं. लवू म्हणाला, "दत्तारामान जेवक बसवल्यान." वासराकडे बघत उभा राहिला, बस्स.

पण सुगंधाला कळल्याशिवाय कसं राहणार. दिवस मावळला की लवू कुणाला नावानं हाक मारीनासा झाला. बायकोला नाही, शेजाऱ्याला नाही. कुत्र्यालासुद्धा नुसता टाळी वाजवून बोलवायचा. जेवता जेवता घास हातात धरून बसायचा. एकदा तिनं नेट लावून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाला, "तो थांबललो गो." कोण, ते नाही.

चैत्रात हरीचं पत्र आलं. दोनच ओळींचं. येतो आहे, एवढंच. वर्ष तर पुरं झालं नव्हतं.

तो आला मे महिना सरता सरता, पावसाळ्यासाठी आगबोट बंद व्हायच्या थोडं आधी. लवू मालवण बंदरावर उतरवून घ्यायला गेला. किनाऱ्याला लागलेल्या पडावातून जो उतरला तो निम्मा हरी होता. गाल बसलेले, डोळे खोल. घरी सुगंधानं आंबे कापून ठेवले होते. त्यानं एक फोड उचलली आणि तशीच ठेवली. "वैनी, मागीर खातंय," म्हणाला.

रात्री दोघे भाऊ ओटीवर पडले. दिवा विझवलेला. मग हरी बोलला.

"दादा, तू माका हाक मारलंस."

लवू उठून बसला.

"कधी?" त्यानं विचारलं, पण त्याला ते विचारायची गरज नव्हती.

"फेब्रुवारीत. शनिवार होतो. नुकताच काळोख पडललो. घड्याळात साडेसात."

तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं चालतं. इथं तेव्हा दहा वाजले होते.

मग हरीनं सांगितलं. माळावर मोजणीसाठी खुंट्या ठोकून दोऱ्या बांधलेल्या होत्या. त्या काढून आणायला तो आणि त्याच्याबरोबर शिकणारा एक मुलगा संध्याकाळचे गेले. तंबू दिसत होते, लांब नव्हतेच. काम संपेतो अंधार पडला. तिकडे संधिप्रकाश फार टिकत नाही, पडदा टाकल्यासारखी रात्र होते. गवत कमरेच्या वर. पण समोर तंबूचा कंदील दिसला, म्हणून दोघं निघाले. तो मुलगा पुढं, त्या रानात चालायचं त्यानंच हरीला शिकवलेलं.

"आणि मागसून तुझी हाक इली. मी वळलंय. दादा, तंबू मागे होते. सगळे दिवे मागे. मी तेका सांगूक परत वळलंय तर..." हरी थांबला. "गवत सुद्दा हलाक नाय."

रात्रभर बत्त्या घेऊन शोधलं. सकाळी तिथले माग काढणारे आले. काही मिळालं नाही. कपडा नाही, रक्त नाही. शिकवणारे म्हणाले, सिंह असेल. माग काढणाऱ्यांतला म्हातारा मात्र परत माळावर यायलाच तयार होईना.

"तेची आई इलेली," हरी म्हणाला. "विद्यापीठाच्या पायरेर येवन बसली. तिका कोणी सांगितल्यान, मी हाक आयकान माघारी फिरललंय. तिना माका इचारल्यान, तुका कोणी हाक मारल्यान? मी म्हटलंय, माझ्या भावान. ती म्हणाली..." हरी अंधारात उठून बसला. "ती म्हणाली, मगे माझ्या झिलाक तेना कित्याक नाय मारल्यान?"

आतल्या दाराशी सुगंधा येऊन उभी होती, ती कधी आली ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"तो थांबललो," लवू म्हणाला. "तेका वाटला मी तेकाय हाक मारतलंय. वाट बघल्यान. माका तेचा नाव म्हायत नाय होता, हरी."

मग त्यानं विचारलं, "काय नाव तेचा?"

"ओटिएनो. तेंच्यात रातच्या जन्मलेल्याक तसा म्हणतत. बापूस तळ्यात जाळा टाकणारो, आपल्या गाबतांसारखो."

लवूनं ते नाव दोनतीनदा मनाशी म्हटलं. अवघड नव्हतं. मग उठून खुंटीवरची पैरण घातली.

"रातीचा नाव घेव नकात," सुगंधा म्हणाली. "पाया पडतंय तुमच्या. सकाळी जावा."

"सकाळी तो थंय नसतलो," लवू म्हणाला.

हरी बरोबर गेला. लवू नको म्हणाला होता, तरी गेला. सडा होता तसाच होता. उघडा, कोरडा, दिवसभराच्या उन्हानं अजून गरम. चूड पेटवलेली नव्हती. निम्म्यावर, त्या जागेपाशी, लवू उभा राहिला. हरीनं त्याचा दंड धरला.

रातकिडे ओरडत होते.

लवूनं तोंडाभोवती हात धरले.

"ओटिएनो..."

रातकिडे थांबले.

सगळे. एकदम.

"ओटिएनो... घराक चल."

काही नाही.

वारा नाही. पान नाही, कारण झाडच नाही. दोघं उभे राहिले. आकाशात चांदण्या होत्या, तेवढ्याच. हरी हळू आवाजात म्हणाला, "चल दादा." ते वळले.

दहावीस पावलं गेले असतील. मागं आवाज आला.

सर्र... सर्र...

उंच गवतातून माणूस चालतो तेव्हा येतो तो आवाज. आणि सड्यावर गवताची काडी नव्हती.

हरी वळणार होता. लवूनं त्याची मान धरली आणि पुढे ठेवली. दोघं चालत राहिले. ते थांबले की तो आवाज थांबायचा. निघाले की... सर्र. घाईत नव्हता. दमलेला होता. सडा उतरून ते घराच्या दगडी गडग्यापाशी आले, तिथं तो थांबला.

सुगंधा दिवा घेऊन ओटीवर बसली होती. दोघांचे चेहरे बघून तिनं काय झालं ते विचारलं नाही. दुसरंच विचारलं.

"काय म्हणान हाक मारलात?"

"नाव घेतलंय. आणि घराक चल म्हटलंय."

"कोणाच्या घराक?"

लवूनं हरीकडे पाहिलं. सुगंधानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग ती उठली, दिवा कोनाड्यात ठेवला, वात मोठी केली. त्या रात्री तिनं दाराला अडसर घातला नाही. रोज घालायची, त्या रात्री नाही.

पहाटे सुगंधाच आधी उठली. तिनं हाक मारली नाही. आत येऊन नवऱ्याच्या खांद्याला हात लावला.

खळ्यात, दारापुढच्या अंगणात, चिखल होता.

मे महिन्याची अखेर. विहिरींना तळ दिसत होता, आभाळात ढग नव्हता. आणि खळ्यात ओल्या चिखलाचे बुटांचे ठसे. आपली माती तांबडी. इथून बांद्यापर्यंत चालत जा, तांबडीच. हा चिखल काळा होता. कोळशासारखा काळा, चिकट. हरी त्याच्याजवळ उकिडवा बसला, बोटावर घेतला, हुंगला, आणि दोन्ही हातांत तोंड धरून तसाच बसून राहिला.

एक ठसा तुळशीपाशी. एक पायरीवर. दोन ओटीवर. शेवटचा उंबऱ्याच्या आत. सगळ्यांचे चवडे घराकडे, टाचा बाहेर. परत जाणारा एकही नव्हता.

सुगंधानं त्या दिवशी खळं सारवलं, पायरी सारवली, ओटी सारवली. उंबऱ्याच्या आतला ठसा तिनं सोडला. पुढं दर वेळी सारवताना त्याच्या कडेनं हात फिरवायची, त्याच्यावरून नाही. आणि रात्री चुलीपाशी एका माणसाचा भात झाकून ठेवायची. सकाळी तो असायचा तसाच असायचा, मग गायीला घालायची. लवूनं तिला कधी विचारलं नाही. हरी मुंबईला गेला, तिथं कॉलेजात शिकवायला लागला. गवत त्यानं पुन्हा शिकवलं नाही.

मी त्या घरी गेलो तो एकोणसत्तर साली. म्हणजे सहा वर्षं उलटल्यावर. लवूनं हे सगळं सांगितलं आणि मला आत नेलं. दुपारची वेळ होती. ठसा उंबऱ्याच्या आत, डाव्या बाजूला. काळा, रेघ न् रेघ उमटलेला.

मी वाकून बोट लावलं.

ओला होता.